वळिवडे, गांधीनगर

मिरजेहून कोल्हापूरला निघालेली पॅसेंजर रुकडी सोडते, पंचगंगेचा पूल ओलांडते, दोन्ही अंगांनी उसाचे फड लागतात आणि वळिवडे येतं. स्टेशन लहान आहे. पण लग्नसराईत इथं उतरणाऱ्यांची संख्या स्टेशनाच्या मानानं फार मोठी असते. सांगली-मिरजेकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची कुटुंबंच्या कुटुंबं रिकाम्या पिशव्या घेऊन उतरतात. नवरीची आई, मावशी, चुलती, हिशेब सांभाळणारा एखादा थोरला दीर. बस्ता बांधायचा तर गांधीनगरला, हा दक्षिण महाराष्ट्रातला जुना रिवाज आहे. स्टेशनाला नाव वळिवड्याचं आणि माणसं जातात गांधीनगरला. लुगडी, शालू, शर्टपीस, टॉवेल, सतरंज्या, पडदे अशा ठोक मालाच्या दुकानांच्या रांगा तिथं लागलेल्या आहेत, आणि दुकानांच्या पाट्यांवर सिंधी आडनावं आहेत.

मी बस्त्यासाठी आले नव्हते. या एवढ्याशा जागेत, एकाच पिढीच्या काळात, दोन वेगवेगळ्या देशांतून उखडलेली माणसं येऊन राहिली. 1943 ते 1948 पोलंडची सुमारे पाच हजार माणसं, आणि ती गेल्यावर त्याच छपरांखाली सिंधमधून आलेली कुटुंबं. निर्वासितांना आपण कसं वागवलं, हे आपण आपल्याच तोंडून पुष्कळ सांगतो. त्यांना आपण कसे दिसलो, ही मुलूखमाती, हा पाऊस, ही भाषा, हे शेजारी कसे वाटले, हे विचारायला मी आले होते. पहिल्यांपैकी आता इथं कोणी नाही; त्यांचं लिहिलेलं उरलं आहे. दुसऱ्यांपैकी काही जण अजून दुकानाच्या गादीवर बसलेले सापडतात.

पोलिश माणसं कोल्हापूरला कशी पोचली, तो रस्ता सांगितल्याशिवाय त्यांच्या डोळ्यांनी कोल्हापूर दिसणार नाही. सप्टेंबर 1939 मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि 17 तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया पोलंडवर चालून गेला. 10 फेब्रुवारी 1940 च्या रात्रीपासून पूर्व पोलंडमधल्या घरांचे दरवाजे वाजू लागले. थोडक्या वेळात सामान बांधायचं, गुरांच्या डब्यांत चढायचं, आणि कित्येक आठवडे जात राहायचं. सायबेरियाची जंगलं, अर्खांगेल्स्कच्या बाजूचा बर्फ, कझाकस्तानचं माळरान. झाडं तोडली तर भाकरी. जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर, जुलै 1941 मध्ये पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि हे कैदी सुटले. सुटले म्हणजे दक्षिणेला जिथं पोलिश सैन्य उभं राहत होतं तिकडं, उपाशी, टायफसनं फणफणत, ज्याला जसं जमेल तसे निघाले. 1942 मध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात लाखाहून अधिक पोलिश लोक उतरले, त्यात हजारो बायका आणि मुलं होती. पुरुष सैन्यात गेले. बायकामुलांना ठेवायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर मग जगभर शोधलं गेलं: पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, हिंदुस्थान. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उघडली, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. कोल्हापूरची छावणी तिच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. पण तिच्यामागे एखादा महाराजा कथानायक म्हणून उभा नसल्यानं ती तेवढी सांगितली गेली नाही.

पूर्व पोलंड, सायबेरिया, इराण, कराची, आणि मग मीटरगेजच्या गाडीनं वळिवडे. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, लांबच लांब बराकी आणि प्रत्येक बराकीत पडद्या घालून केलेली घरं. काचेची खिडकी नाही. पुढं ओसरी. लंडनमधल्या पोलिश सरकारनं खर्च उचलला होता. प्रत्येक घराला भत्ता मिळे आणि स्वयंपाक आपापल्या चुलीवर व्हायचा. पुढं या छावणीतल्याच माणसांनी लंडनमध्ये संघटना काढली आणि आपल्या आठवणींचा 'पोल्स इन इंडिया 1942-1948' हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्यात आणि इतरत्र लिहिलेल्या आठवणींमध्ये एक सूर पुन्हा पुन्हा येतो: स्वतःची चूल मिळाली. सामुदायिक खोलीतून, गुरांच्या डब्यातून, तंबूतून आलेल्या बाईला चार तट्ट्यांच्या आतली स्वतःची चूल हेच घर वाटलं. ओसरीपुढं त्यांनी फुलझाडं लावली.

छावणीत चर्च होतं, दवाखाना होता, प्राथमिक शाळा आणि हायस्कूल होतं, सिनेमाचं थिएटर होतं, स्काउटांची पथकं होती. शिकवणं पोलिशमध्ये चाले. मुलं पंचगंगेवर पोहायला जात, जोतिबाच्या डोंगरावर, पन्हाळ्याला सहलींना जात. क्षयाची लागण झालेल्या मुलांना पाचगणीला ठेवत. साप आणि विंचू ही त्यांची मोठी धास्ती, आणि जूनमधला पाऊस हा मोठा अचंबा. पण या सगळ्याच्या तळाशी, आया वाट बघत होत्या. नवरे, भाऊ, थोरले मुलगे इटलीत लढत होते. मे 1944 मध्ये मॉन्ते कासिनो पडलं, त्यात पोलिश तुकड्यांचा मोठा वाटा होता आणि मोठा बळीही. ती बातमी वळिवड्याच्या बराकींत कशी फुटली असेल, कुठल्या ओसरीवर कोण बसून राहिलं असेल, याचा विचार मी त्या रस्त्यावर चालताना करत होते.

मला त्यांच्या आठवणी वाचताना एक गोष्ट खटकते आणि ती लपवावीशी वाटत नाही. त्यांत कोल्हापूर आहे, पण कोल्हापूरची माणसं कमी आहेत. दूधवाला, फळवाली, बाजारातला शिंपी, एखादा शिपाई. मुलांनी मराठी फारशी शिकली नाही. उलट बाजारातल्या विक्रेत्यांनी पोलिश शिकून घेतली. याचा दोष मी त्यांना देत नाही. आपला देश जिवंत ठेवायचा तर मुलांनी पोलिश बोललं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता, आणि आज ना उद्या परत जायचं आहे ही खात्री होती. परतणारा माणूस शेजारी जोडत नाही, तो फक्त ओळखी ठेवतो. शिवाय ते गोरे होते आणि देश गोऱ्यांच्या ताब्यात होता. त्याच 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. एका साम्राज्यानं चिरडलेली माणसं दुसऱ्या साम्राज्याच्या आश्रयाला आली होती, आणि ज्यांच्या गावाशेजारी ती राहत होती ते याच दुसऱ्या साम्राज्यातून सुटायला धडपडत होते. हे सारं एका कुंपणाच्या दोन बाजूंना घडत होतं. त्यातलं किती कुंपणापार पोचलं असेल?

गावाकडून हे कसं दिसलं, ते कळावं म्हणून मी वळिवडे गावात गेले. गाव जुनं आहे, स्वतःच्या चालीनं चाललेलं. चावडीपाशी भेटलेल्या साठीच्या एका शेतकऱ्यानं मला घरी नेलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि आपल्या आजोबांबद्दल बोलायला लागला.

"आमचा आज्जा दूध घालायचा बगा क्याम्पात. त्येला त्येंची भाषा येत हुती दुधापुरती. दुधाला म्लेको म्हणायचा. आमी ल्हान असताना आमाला बी म्हणायचा, म्लेको पी आन् मग खेळायला जा."

"ती माणसं कशी होती, काही सांगायचे का?"

"सांगायचा की. पैशाला चोख. पोरी पोरांच्या बरोबरीनं नदीत पवायच्या, सगळं गाव काठावर हुबं ऱ्हाऊन बगायचं. आन् एक म्हातारी हुती म्हणं, रोज दूध घेताना रडायची. तिची गाय तिकडंच ऱ्हायली हुती."

शेतकरी माणूस दुसऱ्याच्या गायीची आठवण तीन पिढ्या सांभाळतो. त्या म्हातारीला कोल्हापूरबद्दल जे काही वाटलं असेल, त्यातलं एवढंच एका दूधवाल्यामार्फत माझ्यापर्यंत आलं. मला ते फार मोलाचं वाटलं.

फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला तीन बड्यांनी पोलंडची पूर्वेकडची सरहद्द सरकवली आणि वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघात गेली. जुलैमध्ये ब्रिटन-अमेरिकेनं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा खर्च उचलणारं सरकारच सरकार राहिलं नाही. परत कुठं जायचं? काही थोडे नव्या पोलंडला गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. बालाचडीहून 1946 मध्ये इथं आणलेली मुलंही त्यांच्याबरोबर गेली. 1948 मध्ये छावणी मिटली. एक पोलिश तरुणी कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून इथंच राहिली, मराठी झाली. आणि काही जण कोल्हापूरच्या दफनभूमीत राहिले.

पुढं पांगलेले पोलिश लोक वारंवार येत राहिले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे. वॉर्सॉतही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. सप्टेंबर 2019 मध्ये, कोल्हापूरचा मोठा पूर ओसरून थोडेच आठवडे झाले असताना, वळिवड्यालाही स्तंभ उभा राहिला. छावणीत वाढलेली, आता नव्वदीकडं झुकलेली माणसं त्यासाठी आली होती. मी त्या स्तंभापाशी बराच वेळ उभी राहिले. बांधकाम नीट आहे, मजकूर सभ्य आहे. त्यावर ज्यांची नोंद आहे त्यांनी कोल्हापूरवर प्रेम केलं याविषयी मला शंका नाही. पण तिथून बाजारपेठेकडं वळलं, की शेकडो दुकानं, हजारो माणसं, पंचाहत्तरहून अधिक वर्षांचा संसार. आणि ही माणसं इथं कशी आली, पहिल्या रात्री कुठं झोपली, त्यांनी आपल्याला कसं पाहिलं, याची नोंद घेणारा दगड काही मला सापडला नाही.

ठोक कापडाच्या एका दुकानात मी शिरले. गादीवर सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांच्यामागे गणपती, झुलेलाल आणि शिवाजी महाराज अशा तीन तसबिरी. "या ताई, बसा. लग्न कोणाचं?" त्यांची मराठी अस्सल कोल्हापुरी होती. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "गल्ल्यावर बस." आणि मला म्हणाले, "हे मला काय माहीत नाही. माझा जन्म इथला. अम्मांना विचारा. मोठी बहीण आहे माझी, आम्ही सगळे अम्माच म्हणतो."

घर दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. मधल्या वाटेवर त्यांनी एक जागा दाखवली, जिथं आता तीन मजली गोदाम आहे. "इथं आमची बराक होती. अर्धी आमची, अर्धी लाडकाण्याच्या लोकांची. मधे तट्टी. त्यांच्याकडं शिंकलं तर आमच्याकडं 'जीवे' म्हणायचे." कौलारू जुनी घरं आता तुरळक उरली आहेत, आणि त्यातली बराक कोणती हे सांगू शकणारी माणसंही.

अम्मांचं वय ऐंशीच्या पुढं. पांढरी ओढणी, डोळ्यांवर जाड भिंग, आवाज खणखणीत. पाणी आणि भाजलेला पापड पुढं ठेवल्याशिवाय त्यांनी बोलायला सुरुवात केली नाही. सिंधी घरात पाहुण्यापुढं पापड-पाणी येतंच.

त्या शिकारपूरच्या. सिंधमधलं हे सावकारांचं गाव; तिथल्या पेढ्यांच्या हुंड्या मध्य आशियात बुखारा-समरकंदपर्यंत चालत. त्यांचे वडील लहानसे सावकार होते, पण वाडा मोठा होता, दोन चौकांचा, लाकडी नक्षीच्या सज्ज्यांचा. पंजाब आणि बंगाल फाळणीत दुभंगले. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. सिंधमध्ये आरंभी पंजाबसारखी कत्तल झाली नाही, म्हणून पुष्कळ हिंदू कुटुंबं थांबून राहिली होती. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि मग थांबणं संपलं. दहा लाखांहून अधिक माणसांनी सिंध सोडला. अम्मा तेव्हा सात वर्षांच्या. कराचीहून बोटीनं मुंबई, मग काही महिने कल्याणच्या लष्करी छावणीत. (त्याच छावणीला पुढं 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं.) तिथून गाडीत बसवून इकडं. त्या वेळी निर्वासितांची नोंदणी करायला आणि त्यांनी कुठं राहायचं ते ठरवायला मुंबई सरकारनं कायदाच केला होता. कोल्हापूर कुठं आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बाबा बराकीत शिरले आणि बांबूला हात लावून बघितलं. मग माझ्या आईला म्हणाले, ही जनावरांची जागा आहे का माणसांची, विचारून ये. आई कोणाला विचारणार? तिला सिंधीशिवाय काय येत नव्हतं."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. त्याच तट्ट्या, तीच कौलं. सायबेरियाच्या बराकीतून आलेल्या पोलिश आईनं त्यांच्यात घर पाहिलं. दोन चौकांच्या वाड्यातून आलेल्या शिकारपुरी बापानं त्यांच्यात आपली पडझड पाहिली. आश्रय देणारा समजतो की आपण दोघांना सारखंच छप्पर दिलं. पण माणूस कुठून आला आहे, त्यावर छपराची उंची ठरते. आणि पोलिश बाई म्हणू शकत होती, की हे थोड्या दिवसांचं आहे. शिकारपुरी बापाला ते म्हणता येत नव्हतं. त्याला सांगितलं गेलं होतं की हा तुझाच देश आहे. स्वतःच्या देशात आलेल्या माणसानं परकं वाटल्याची तक्रार कोणाकडं करायची?

पावसाची गोष्ट अम्मांनी मी न विचारता सांगितली. सिंधमध्ये पाऊस नावालाच. सारं काही नदीवर. वळिवड्यातला पहिला जून आला तेव्हा त्यांची आई पाठोपाठ दोन रात्री झोपली नाही. तिला वाटलं, हा थांबणारच नाही. तट्टीतून ओल आत आली, अंथरुणं भिजली, तांदळाला बुरशी आली. तिसऱ्या दिवशी वळिवड्याची एक भाजीवाली बाई आली, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, डोक्यावर इरलं. अम्मांच्या आईनं असं नेसणं आणि असं इरलं दोन्ही पहिल्यांदाच पाहिलं होतं. आणि भाजीवालीनं सलवार घातलेली बाई. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग भाजीवालीनं टोपली ठेवली, आत आली, चूल कुठं मांडली आहे ते बघितलं आणि खुणेनं सांगितलं की इथं नको, तिकडं कोपऱ्यात, आणि खाली दगड घाल. दुसऱ्या दिवशी शेणाच्या सुक्या गोवऱ्या घेऊन आली. पैसे घेतले, पण भाजीचेच.

"माझ्या आईनं मराठी तिच्याकडून घेतली. शाळेतली नाही, तिचीच. म्हणून आई मरेपर्यंत 'काय करालाईस' असंच बोलायची." अम्मा हसल्या. "लोक म्हणायचे, सिंधीण आहे का वळिवड्याची?"

मग त्यांनी दुसरीही बाजू सांगितली, तितक्याच खणखणीत आवाजात. शाळेत मुली त्यांच्याजवळ बसत नसत. कोणी म्हणायचं पापडाचा वास येतो. निर्वासित ही हाक शिवी म्हणून वापरली जायची. "बाबा म्हणायचे, आम्ही भीक नाही मागत, पुरुषार्थ करतो." सरकारी शिधा हळूहळू बंद झाला. बाबांनी डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली: उचगाव, गडमुडशिंगी, रुकडी, हातकणंगले. सावकाराचा मुलगा दारोदार. जिथं वाण्याचं नफ्याचं गणित रुपयाला दोन आण्यांचं, तिथं हे अर्ध्या आण्यावर विकायचे. कोणी तर साखर खरेदीच्याच भावात द्यायचे आणि रिकामं पोतं विकून सुटलेले पैसे तेवढा आपला नफा मानायचे. गिऱ्हाईक खूश, शहरातला जुना दुकानदार नाखूश. "सिंधी लोक फसवतात, असं म्हणायचे. स्वस्त दिलं की फसवलं?" हे अम्मांनी मला थेट विचारलं. सिंध्यांवर केलेल्या किती तरी ओंगळ म्हणी मी लहानपणापासून ऐकत आले आहे, घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून. त्या आपल्या समाजात आजही सहज बोलल्या जातात आणि त्याची लाज आपल्याला वाटायला हवी. मी तसं म्हटलं. अम्मांनी फक्त पापडाची ताटली माझ्याकडं सरकवली.

"तुम्हाला आम्ही कसे वाटलो?" मी विचारलं. "मराठी माणसं?"

त्यांनी विचार केला. "संथ. भांडत नाहीत लवकर. आणि जवळही येत नाहीत लवकर. भाजीवाली चुलीपर्यंत आली, पण आम्हाला तिच्या घरी जायला वीस वर्षं लागली. तिच्या नातवाच्या लग्नाला. बस्ता आमच्याकडूनच घेतला होता." थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्यात उलट असतं. पहिल्या दिवशी घरात घेतो. मग विसाव्या वर्षी भांडतो."

आपल्याविषयी इतकं नेमकं मी क्वचित ऐकलं आहे. यजमान समाजाला परक्याच्या डोळ्यांतून पाहणं म्हणजे काय, ते मला त्या दोन वाक्यांत मिळालं. आपण निर्वासिताला उपाशी ठेवत नाही, मारत नाही, हुसकावत नाही. चूल कुठं मांडावी ते सांगतो, गोवऱ्या देतो. आणि मग वीस वर्षं उंबऱ्याच्या अलीकडं ठेवतो. पोलिश माणसं पाच वर्षांत गेली, त्यांना ही वीस वर्षं दिसलीच नाहीत. त्यांच्या आठवणींत कोल्हापूर गोड आहे याचं एक कारण मला हेही वाटतं. आणि आपल्यालाही त्यांच्या आठवणी प्रिय आहेत, कारण त्यांनी आपल्याकडं दुकान मागितलं नाही, शाळेत जागा मागितली नाही, मतदारयादीत नाव मागितलं नाही.

सिंधी समाजाला इथं आणखी एक झीज सोसावी लागली, तिचा आवाज होत नाही. महाराष्ट्रीय माणसाला महाराष्ट्र आहे, तमिळाला तामिळनाडू. सिंधीला भारतात राज्य नाही. सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत यायला 1967 उजाडलं. त्याआधीपासून, ती अरबी-फारसी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत, यावर समाजात वाद चालू होताच. आणि तोवर मुलं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत गेली. अम्मांना त्यांच्या वडिलांनी लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या वाचता येत नाहीत. त्यांनी त्या कपाटातून काढून दाखवल्या, लाल बांधणीच्या, आडव्या. नातीनं मोबाइलवर त्यांचे फोटो काढून मुंबईच्या कोणाला तरी पाठवले आहेत, वाचून मिळतात का बघायला. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, मिरवणूक निघते, झुलेलालच्या पूजेचा बहिराणा साहिब पाण्यात सोडतात. सिंधू नदीच्या देवाचं विसर्जन इथं पंचगंगेत होतं. "नदी नदीच असते," अम्मा म्हणाल्या, आणि त्यात समजूत होती की खंत, मला ठरवता आलं नाही.

पोलिश लोकांबद्दल त्यांना विचारलं. त्यांनी ती माणसं पाहिली नव्हती. पण बराकीत आल्यावर त्यांच्या दुसऱ्या एका भावाला ओसरीच्या कडेला विटांनी आखलेला फुलांचा वाफा सापडला होता. झाडं सुकली होती. "आईनं त्यात कोथिंबीर लावली."

निघताना दुकानात परत आले. गादीवर आता अम्मांचा भाचा होता, तिशीचा, वाणिज्य पदवीधर, एका कानात हेडफोन. मी त्याला म्हटलं, की पोलिश लोकांसाठी स्तंभ आहे, तसा तुमच्या लोकांसाठीही असावा असं मला वाटतं. निदान पहिल्या बराकींत कोण कोण राहिलं त्यांची नावं, कोणत्या गावांतून आले ती गावं. शिकारपूर, सक्कर, लाडकाणा, हैदराबाद. आणि ज्या वळिवडेकरांनी पहिल्या पावसात चूल मांडायला मदत केली, त्यांची नावं माहीत असली तर तीही.

त्यानं मान हलवली. "नको ताई. स्तंभ गेलेल्यांना असतो. आम्ही कुठं गेलो? इथं बसलोय की, सकाळी दहा ते रात्री आठ." मग गिऱ्हाइकाला शालूचा पदर उलगडून दाखवता दाखवता म्हणाला, "उद्या दगड उभा केला की लोक परत म्हणणार, हे बाहेरचे."

मला त्याचं म्हणणं पटलं नाही, अजूनही पटत नाही. त्याला तसं वाटावं याचं कारण मात्र त्याच्यात नाही, आपल्यात आहे, हे मला कळतं. मी त्याला विचारलं, तुझ्या आजोबांना शिकारपुरात काय म्हणायचे, ठाऊक आहे? त्याला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक बाई, बहुधा जयसिंगपूरच्या, शालूवरची नजर काढून आमच्याकडं बघू लागल्या. "शिकारपूर म्हणजे कर्नाटकातलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि शालू तसाच मांडीवर ठेवून त्यांना सांगायला लागला.